पिवळ्या गाडीची भरपाई

"काकू, ब्रेक… काकू, ब्रेक!"

गोपिकाचे शब्द पुरे होईपर्यंत उशीर झाला होता. कट्ट! आवाज लहानसाच, सुपारी फुटल्यासारखा. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी उलटी येता येता मागे उभ्या असलेल्या गाडीला टेकली आणि गपकन बंद पडली. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता हौसेनं गाडी शिकणाऱ्या पुष्पलताकाकूंनी स्टिअरिंग घट्ट धरून डोळे मिटून घेतले.

"कशाले लागली वं?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

गोपिकानं मागं वळून पाहिलं. "पिवळ्या गाडीले, काकू."

"पिवळी म्हणजे… ऑटो आहे का?"

"नाही. दोन दारांची आहे. स्पोर्ट्स कार."

"बाप्पा!" म्हणून काकूंनी डोळे आणखीच घट्ट मिटले.

सिव्हिल लाइन्सचा तो रस्ता रविवारी सकाळी मोकळा असतो, म्हणून गोपिका विद्यार्थ्यांना उलटी गाडी लावायला तिथंच आणायची. मोठाल्या झाडांखाली पोह्यांवर झणझणीत रस्सा ओतून देणारा एक तर्री-पोह्यांचा ठेला होता. त्याच्याभोवती दर रविवारी गाड्यांचे शौकीन जमत. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात आपापल्या गाड्या चकचकीत पुसून उभ्या करायच्या, हातात पोह्यांची प्लेट घ्यायची आणि जगातल्या यच्चयावत गाड्यांबद्दल मतं द्यायची, हा त्यांचा नेम. आत्ता ती सगळी मंडळी प्लेटांसकट धावत आली.

"मागं पाहूनच राहिले नव्हते!" नव्या कोऱ्या गाडीचा मालक दुर्गेश ओरडला. "उभ्या गाडीले ठोकलं म्हणजे चूक ठोकणाऱ्याची. सरळ हिशोब आहे."

"थांब गा," पियुष म्हणाला. तो इन्शुरन्स कंपनीत होता, त्यामुळे त्याला सरळ हिशोब आवडत नसत. "पिवळीचं अर्धं चाक रेषेच्या बाहेर आहे. थोडी जबाबदारी उभं करणाऱ्याची पण धरतात."

"ड्रायव्हिंग स्कूलवालेच जबाबदार!" तिसरा कुणीतरी म्हणाला. "शिकवत काही नाहीत. टेस्टपुरतं आठचा आकडा काढायले लावतात अन् सोडून देतात रस्त्यावर."

काकूंचा हात दाराच्या कडीकडे गेला. गोपिकानं तो हळूच परत स्टिअरिंगवर ठेवला. "तुम्ही बसा. तुमचं काही चुकलं नाही." ती खाली उतरली, पिवळ्या गाडीच्या बंपरवरचा ओरखडा वाकून नीट पाहिला आणि उभी राहिली. "चूक माझी आहे. माझ्या पायाखाली पण ब्रेक आहे. मी दाबायले पाहिजे होता. मालक कोण आहे?"

घोळका बाजूला झाला आणि मागून तो आला. निळा स्वेटर, हातात अर्धी खाल्लेली प्लेट, मिशीच्या टोकाला तर्रीचा लाल थेंब. तोच तो! गोपिकाचे कान गरम झाले. कारण ब्रेक दाबायला उशीर का झाला, ते तिला पक्कं ठाऊक होतं. आरशात तिला हाच माणूस दिसत होता. तो मित्रांना काहीतरी रंगवून सांगत होता, हवेत गिअर टाकून दाखवत होता… आणि ती बघत राहिली होती. त्याचे डोळे बघत होती असं तिनं कबूल केलं नसतं. ती म्हणाली असती, मी पाय बघत होते. ड्रायव्हिंग शिकवणारी माणसं पायच बघतात. आणि गंमत म्हणजे, गिअर टाकताना त्याचा डावा पाय जागचा हललासुद्धा नव्हता.

"मी हर्षित," तो म्हणाला. आधी त्यानं ओरखड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओरखड्याकडे परत काही त्याची नजर गेली नाही. "पहिल्यांदाच पाहून राहिलो."

"काय?"

"चूक झाल्यावर 'माझी' म्हणणारं माणूस."

"आमच्या स्कूलचा नियमच आहे. शिकणाऱ्याची चूक ती शिकवणाऱ्याची." तिनं त्याला कार्ड दिलं. "संध्याकाळी या. बंपर आमच्याकडून दुरुस्त होऊन जाईल. आणि…"

"आणि?"

"मिशीले तर्री लागली आहे."

मित्र खो खो हसले. हर्षितनं मिशी पुसली, पण चुकीच्या बाजूची.

*

स्कूल मानकापूरला, गोपिकाच्या आत्याचं. वंदनाआत्यानं ते सुरू केलं तेव्हा त्या भागात बाई गाडी चालवताना दिसली की पोरं सायकली थांबवून बघत. आता निम्म्या शिकणाऱ्या बायकाच असत. जाहिरात कधी केली नाही. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. वंदना स्कूलमध्ये कुणी हसत नाही, एवढंच त्या सांगत. तेवढ्या नावावर स्कूल चाललं होतं.

हर्षित संध्याकाळी आला आणि बंपरविषयी काही बोलेचना. खुर्चीत बसून किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

"बोला ना जी," आत्या म्हणाली. "भरपाई काय पाहिजे?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला. माझे कान हॉर्न ऐकून ऐकून गेले आहेत."

"मले… क्लच येत नाही!"

बाहेर उभ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. हर्षितनं कपाळाला हात लावला आणि मग सगळं सांगून टाकलं. तो भिवापूरचा, मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या घरातला. नोकरी बुटीबोरीच्या कापड गिरणीत, इंजिनिअर. पिवळी गाडी मामाची. मामा परदेशी गेला आणि किल्ली भाच्याच्या हातात ठेवून गेला. भाचा शिकला होता घरच्या ऑटोमॅटिक गाडीवर. तिला ना क्लच, ना हातानं टाकायचे गिअर. दर रविवारी साहिल नावाचा ओळखीचा मेकॅनिक पहाटेच पिवळी ठेल्यावर उभी करून जायचा आणि सगळे पांगल्यावर घेऊन जायचा. आता साहिलला पुण्याला काम लागलं होतं.

"अन् मित्रांना?" गोपिकानं विचारलं.

"मित्र मले विचारून गाड्या घेतात. कोणत्या गाडीचा गिअर कसा पडतो, हे मी त्यांना सांगतो."

गोपिकानं ओठ दाबले. खांदे मात्र हलत होते.

"हसा. हसायची गोष्टच आहे."

"नाही हसत," ती लगेच म्हणाली. "आमचा दुसरा नियम आहे. गाडीतलं गाडीत. कोणाले काय येत नाही, ते काचेबाहेर जात नाही."

"मग भरपाई हीच," हर्षित म्हणाला. "मले शिकवा."

*

कोराडीच्या वीज कॉलनीतले रस्ते रुंद आणि शांत. संध्याकाळी शिफ्टची बस गेली की फक्त फिरायला निघालेली म्हातारी माणसं आणि दूर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा पांढरा धूर. तिथं हर्षितनं गाडी बंद पाडली. परत पाडली. वळणावर पाडली, सरळ रस्त्यावर पाडली, आणि एकदा तर उभ्या उभ्याच पाडली.

"झाली बंद," तो दर वेळी शरमेनं म्हणायचा.

"गाडीच आहे. परत सुरू होते." ती दर वेळी तेच म्हणायची, त्याच आवाजात. "पाय उचलू नका, काढून घ्या. हळू… बाळ झोपलं की त्याच्या डोक्याखालून हात कसा काढतात? तसा."

त्यानं पाय तसा काढला. गाडी एकदा थरथरली, आणि मग अशी अलगद सरकली की हर्षित श्वास घ्यायचा विसरला.

"चालली!"

"श्वास घ्या."

"गोपिका मॅडम, चालली!"

"झाड येऊन राहिलं आहे समोर!"

हळूहळू शिकवणीत दुसरंही बोलणं शिरलं. तिला स्पोर्ट्स कारमधलं काय आवडतं, त्यानं विचारलं.

"काहीच नाही. दोनच सीटा, डिक्की नाही. भिवापूरहून मिरचीचं पोतं आणायचं म्हटलं तर कुठं ठेवता?"

"पोत्यासाठी नसते ती. तिच्यात बसलं की रस्ता अंगाले लागतो. वळण कळते, खडी कळते… शेजारी कोण बसलं तेसुद्धा जरा जास्तच कळते."

"नजर समोर."

"आरशात पाहून राहिलो."

"मधल्या आरशात मागचं दिसते."

"म्हणूनच वाकडा केला आहे."

तिनं हात लांबवून आरसा सरळ केला. पण त्याआधी, क्षणभरच… तिनंही त्यात पाहून घेतलं.

शिकवणी संपली की कॉलनीच्या कोपऱ्यावर चहा व्हायचा. एका संध्याकाळी तो म्हणाला, "लहानपणी बाबा शिकवायचे मले सायकल. पडलो की म्हणायचे, एवढं पण येत नाही? मग मी शिकणंच सोडून दिलं. पाहायचं, वाचायचं, बोलायचं. बोलण्यात पडत नाही माणूस." त्यानं कप खाली ठेवला. "तुम्ही एकदाही तसं म्हटलं नाही. खरंच, लई आभार."

गोपिकानं उगाच स्वतःच्या रिकाम्या कपात फुंकर मारली.

*

मग त्यानं हट्ट धरला, एका रविवारी पिवळी गाडी मी स्वतः न्यायची. गोपिका नको म्हणत होती. स्कूलच्या गाडीत तिच्या पायाशी ब्रेक असे. पिवळीत नुसती चटई. पण त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की ती शेजारी जाऊन बसली.

आणि गाडी तो छान घेऊन गेला! धुकं विरत होतं, संत्र्यांच्या हातगाड्या लागत होत्या. ठेल्यापर्यंत एकदाही गाडी बंद पडली नाही. शेवटी फक्त उभी करायची राहिली. समोर दुर्गेशची नवी गाडी होती, मध्ये हवी तेवढी जागा. मालक पलीकडे पोहे घेत होता. हर्षितनं आनंदानं तिच्याकडे पाहिलं… आणि पाय काढून घेण्याऐवजी उचलला.

पिवळीनं उडी मारली. गोपिकाचा पाय चटईवर जोरात आपटला. दुर्गेशच्या गाडीचा मागचा दिवा फुटून रस्त्यावर पडला.

घोळका जमला तोवर दोघं खाली उतरून दिव्यापाशी आली होती.

"माझी गाडी!" दुर्गेशनं आधी दिव्याकडे पाहिलं, मग गोपिकाकडे. "ह्याच ना वंदना स्कूलच्या मॅडम? याच्या गाडीले मागं तुम्हीच ठोकलं होतं. आता माझी? काहून दिली गा हर्षित तू हिच्या हातात?"

कुणी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. हर्षितनं असं चालवणं शक्यच नाही, तेव्हा चालवत होती ती बाईच, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं.

गोपिका थांबली. तिला बोलता येत नव्हतं, गाडीतलं गाडीत. बोलायचं होतं त्यानं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. हर्षितचे ओठ उघडले, आणि त्यानं भोवतीच्या चेहऱ्यांकडे बघितलं. मिटले.

वेळ फार गेला नसेल. पण तिला तो पुरेसा लांब वाटला.

"जबाबदारी माझी," ती म्हणाली. "दिवा लावून देऊ." आणि ती चालत कोपऱ्यावर गेली, ऑटो थांबवला आणि मागं न बघता बसली.

दुपारपर्यंत शौकिनांच्या ग्रुपवर फुटक्या दिव्याचा फोटो आणि खाली ओळ: वंदना स्कूलमध्ये शिकायचं तर आधी इन्शुरन्स काढा. ग्रुपवरून फोटो सोसायट्यांच्या ग्रुपवर गेला. मंगळवारी मोनाली नावाची मुलगी म्हणाली, घरचे नको म्हणतात. बुधवारी आणखी दोघी आल्या नाहीत.

"तू चालवून राहिली होती का?" आत्यानं विचारलं.

"गाडीतलं गाडीत, आत्या."

"नियम मीच केला अन् मलेच नडला," आत्या म्हणाली आणि गोपिकाच्या पाठीवर हात ठेवून आत गेली. तिनं परत कधी विचारलं नाही. त्या न विचारण्याबद्दल गोपिकाला इतकं भरून आलं की ती गाडी धुवायला निघून गेली.

संध्याकाळी हर्षित फाटकाशी उभा होता. आठवडाभर झोप नसल्यासारखा.

"मी तेव्हाच बोलायले पाहिजे होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी भ्यालो."

"ते दिसलं." तिनं पाण्याचा नळ बंद केला. "तुम्हाला क्लच येत नव्हता, त्याचं मले कधीच काही वाटलं नाही, हर्षित जी. पण हे… हे मले शिकवता येत नाही. इथं शेजारी बसून कोणाचा ब्रेक दाबता येत नाही."

तो मान हलवून निघून गेला.

*

पुढच्या रविवारी पुष्पलताकाकू क्लासला आल्या त्याच ठरवून. "आज सिव्हिल लाइन्स."

"काकू, तिथं नको."

"जिथं चुकलं तिथंच परत सोडवायचं. जन्मभर पोरांना हेच सांगितलं मी. उतर म्हणशील तर उतरत नाही."

मग काय! काकूंनी गाडी नेली, आणि ठेल्यासमोरच्या जागेत उलटी घेऊन एका झटक्यात उभीही केली. "पाहून राहिली का?" त्या म्हणाल्या. पण गोपिकाचं लक्ष नव्हतं. रस्त्याच्या टोकाला हॉर्नचा गोंधळ उठला होता.

पिवळी गाडी येत होती. धक्के खात येत होती. पुढच्या काचेवर, दिसलंच पाहिजे अशा जागी, तांबड्या रंगात शिकाऊ चालकाचा मोठा थोरला 'L' चिकटवला होता. ऐन वळणावर ती बंद पडली. मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दाबून धरला. गाडी सुरू झाली, पुन्हा बंद पडली. ठेल्यावरची मंडळी आधी हसली, मग 'L' वाचून गप्प झाली. गोपिकाच्या नकळत तिचे ओठ हलत होते: हळू… काढून घ्या… हळू…

गाडी थरथरली, सरकली, आणि सगळ्यांपासून भरपूर अंतर ठेवून उभी राहिली. हर्षित उतरला. कानाच्या पाळ्या लाल.

"हे काय लावलं बे काचेवर?" दुर्गेश म्हणाला. "मजाक करून राहिला का?"

"नाही गा. मले क्लचची गाडी येत नाही." त्याचा आवाज पहिल्या वाक्याला फाटला, मग सावरला. "इतके दिवस साहिल आणून लावत होता. मी नुसतं बोलत होतो. तुझा दिवा माझ्या पायानं फुटला, दुर्गेश. मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्या बोलू शकत होत्या, बोलल्या नाही. मी बोलायले पाहिजे होतं, बोललो नाही. पियुष, क्लेममध्ये ड्रायव्हर म्हणून माझं नाव टाक. अन् हे सगळं मी आत्ताच ग्रुपवर पण टाकलं आहे. ज्यानं ज्यानं तो फोटो पुढं पाठवला, त्यानं हे पण पाठवा. माझ्यासाठी एवढं करा."

ठेलेवाल्याचा झारा तेवढा कढईत खडखडत होता. दुर्गेशनं खिशातून फोन काढून वाचला. मग चालत स्कूलच्या गाडीपाशी आला आणि काचेशी वाकला.

"मॅडम… मी विचारायले पाहिजे होतं. न विचारता बोललो. चुकलं माझं."

"असू द्या," गोपिका म्हणाली.

मागून पियुष खाकरला. "आता निघालंच आहे तर… मले उलटी गाडी लावता येत नाही. बायको लावून देते. स्कूलमध्ये जागा आहे का, मॅडम?"

तेव्हा कुठं हशा झाला, मोठा आणि मोकळा. त्या हशातून वाट काढत हर्षित गाडीशी आला. काकू स्टिअरिंगवर, गोपिका शेजारी. तो तिच्या बाजूच्या काचेशी उभा राहिला.

"माफी सगळ्यांसमोर मागितली," तो म्हणाला. "आभार एकट्यात मानायचे होते. पण…"

"मी उतरत नाही," काकू समोर बघत म्हणाल्या. "माझा तास चालू आहे. बोला तुम्ही. मले ऐकू कमी येते."

गोपिकाला हसू आवरेना. "कशाचे आभार?"

"त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी घरी जाऊन तुमचाच राग केला असता. तुम्ही फक्त खरं ते सांगितलं. तेव्हापासून ते डोक्यात होतं. काल रात्री भिवापूरले आईला फोन केला. म्हटलं, आई, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे मले मामाची गाडी येत नाही. अन् दुसरी… मले एक मुलगी आवडते. लई आवडते."

काकूंनी श्वास रोखला. गोपिकानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मग? आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पहिली गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती."

पानांतून ऊन खाली आलं होतं. त्याच्या मिशीला आज तर्री नव्हती. ओठ मात्र थरथरत होते, आणि तो ते लपवत नव्हता. गोपिकाला वाटलं, एवढ्या लोकांपुढं 'येत नाही' म्हणायला किती बळ लागत असेल! कुणीतरी आपल्यासाठी ते गोळा करून आणलं. आजवर ती लोकांना शिकवत आली होती; तिच्यासाठी असं कुणी काही शिकून आलं नव्हतं.

"आईंना सांगा," ती हळूच म्हणाली, "दुसरी गोष्ट त्या मुलीला पण माहीत होती."

हर्षित बघतच राहिला. "म्हणजे…?"

"म्हणजे तिला पण. तसंच." मग तिला राहवलं नाही. "लई."

त्यानं दोन्ही हात जोडले. देवळात जोडतात तसे नाही, बक्षीस घ्यायला वर बोलावलेलं पोर गुरुजींपुढं जोडतं तसे, जरा घाईचे, जरा वाकडे.

"हात खाली घे," गोपिका म्हणाली. गाल दुखेपर्यंत ती हसत होती. "लोक पाहून राहिले आहेत."